चालू ड्रॉइंग कोणते? रुग्णालयाच्या एका बांधकामातला डिजिटल बदल

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका रुग्णालयाच्या विस्तार इमारतीचे आहे. खाली दोन तळघरे, वर नऊ मजले आणि जुन्या इमारतीशी जोडणारा एक पूल. बांधकाम चालू असताना जुने रुग्णालयही चालूच होते. त्यामुळे आवाजाच्या वेळा, वीज-पाणी बंद करण्याच्या वेळा, क्रेन फिरवण्याची दिशा, सगळ्यावर बंधने होती. मालक संस्था, आर्किटेक्ट, संरचना सल्लागार, सेवा सल्लागार, मुख्य कंत्राटदार आणि त्याच्या हाताखालचे उपकंत्राटदार अशी नेहमीची मांडणी होती. माणसे आणि संस्था ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

रुग्णालयाच्या इमारतीत खरी गर्दी असते ती फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत. हवेचे डक्ट, ऑक्सिजन आणि इतर वैद्यकीय वायूंचे पाइप, आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची लाइन, सांडपाण्याचे पाइप, केबल ट्रे, सगळे एकाच अरुंद जागेतून जातात. केबल ट्रे वळवता येतो. डक्ट थोडा चपटा करता येतो. सांडपाण्याचा पाइप मात्र उतारानेच न्यावा लागतो, त्याला मध्येच वर उचलता येत नाही. म्हणून कोणी कोणाला वाट द्यायची हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की स्लॅबमध्ये स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार नेण्यासाठीच्या मोकळ्या नळ्या, कुठे सोडायच्या हेही ठरते. काँक्रीट पडल्यानंतर यातला प्रत्येक बदल तोडफोडीचा असतो.

वेळापत्रक संगणकावरच होते. कोणत्या कामांच्या साखळीवर एकूण मुदत ठरते ते शोधणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ कंपनीच्या कारखान्यांच्या कामांसाठी घडली आणि बांधकामात तिला मुरून आता कित्येक दशके झाली, म्हणजे संगणक इथे नवा नव्हता. पण तो नियोजन अभियंत्याच्या टेबलापुरताच होता. साइट चालत होती छापील ड्रॉइंगवर, फोनवर आणि आठवणीवर. महिन्यातून एकदा बारचार्ट छापून केबिनच्या भिंतीवर लागत असे, आणि पुढचा लागेपर्यंत तो जुना झालेला असे.

अडचण

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरून झाला. सेंट्रिंग उतरल्यावर प्लंबिंगचा उपकंत्राटदार लाइनआउट मारायला, म्हणजे पाइपांच्या जागा आखायला, आला आणि त्याच्या लक्षात आले की वॉर्डाच्या एका बाजूच्या सगळ्या स्लीव्ह चुकीच्या जागी आहेत. वॉर्डाची मांडणी बदलल्यामुळे स्वच्छतागृहे सरकली होती. तो बदल ड्रॉइंगच्या नव्या आवृत्तीत, रिव्हिजन डी मध्ये, होता, पण स्लॅब जुन्या रिव्हिजन बी वर भरला गेला होता.

यावर उपाय म्हणजे कोअर कटिंग, पक्क्या काँक्रीटमध्ये यंत्राने गोल भोक पाडणे. त्याआधी स्कॅनर फिरवून सळया कुठे आहेत ते पाहायचे, प्रत्येक भोकाला संरचना सल्लागाराची संमती घ्यायची आणि मग कापायचे. स्लॅब फ्लॅट पद्धतीचा होता, बीम नसलेला. अशा स्लॅबमध्ये कॉलमच्या आसपासचा भाग नाजूक असतो, कारण सगळा भार तिथूनच कॉलममध्ये उतरतो आणि पंचिंग शिअरला, म्हणजे कॉलम स्लॅबला भोसकून जाऊ पाहतो त्या ताणाला, तोंड देणारा परीघ भोकाने कमी होतो. कॉलमला लागून असलेल्या दोन भोकांना सल्लागाराने साफ नकार दिला, तो योग्यच होता. शेवटी त्या दोन स्वच्छतागृहांची मांडणी पुन्हा बदलावी लागली आणि त्यासाठी रुग्णालयाच्या परिचारिका प्रमुखांशी पुन्हा बैठक घ्यावी लागली.

चौकशी झाली. ती कुणाला दोषी ठरवण्यापुरती संपली नाही, ही प्रकल्प व्यवस्थापकाची कमाई. रिव्हिजन डी ईमेलने वेळेवर आली होती. कंत्राटदाराच्या कार्यालयाने तिची नोंद केली होती. प्रती छापून साइटवर पाठवल्याची सहीही होती. पण साइटवर सळई बांधणाऱ्या टोळीकडे एक प्रत, शटरिंगच्या मुकादमाकडे दुसरी आणि केबिनमध्ये तिसरी अशी विखुरलेली व्यवस्था होती. नवी प्रत केबिनपर्यंत पोचली, जुन्या दोन परत गोळा झाल्या नाहीत. नोंदवही पाहिली तर सगळे नियमाने झालेले दिसत होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. त्याच जागेबद्दल साइट इंजिनिअरने स्लॅबच्या बऱ्याच आधी आरएफआय पाठवला होता. आरएफआय म्हणजे साइटवरून सल्लागाराला विचारलेला लेखी प्रश्न. दोन ड्रॉइंगमध्ये विसंगती दिसते, कोणते धरू, असा साधा प्रश्न होता. तो सेवा सल्लागाराच्या कार्यालयात पडून राहिला. स्लॅबची तारीख आली, उत्तर आले नाही, आणि हातात असलेल्या ड्रॉइंगवर काम पुढे गेले. प्रश्न विचारणारा तरुण इंजिनिअर बरोबर होता, पण त्याच्या प्रश्नाला वाली नव्हता.

समोरचे पर्याय

बैठकीत तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली वाट कागदाचीच शिस्त कडक करण्याची. जुनी प्रत परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही, स्लॅबच्या आदल्या दिवशी प्रतींची तपासणी करायची. खर्च जवळपास नाही आणि कुणाला नवे शिकायचे नाही. कंत्राटदाराचा कल इकडे होता. पण आरएफआयच्या अडचणीला हा उपाय शिवतही नव्हता.

दुसरी वाट मालक संस्थेची आवडती: संपूर्ण इमारत बीआयएम मध्ये आणायची. म्हणजे इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल, त्यालाच वेळापत्रक आणि परिमाणे जोडलेली. सादरीकरणे त्यांनी पाहिली होती आणि ती प्रभावी होती. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांसाठी बीआयएम सक्तीचे केले, हा दाखलाही दिला गेला. दाखला खरा आहे, पण तिथे सक्तीची घोषणा २०११ मध्ये झाली होती आणि मधली वर्षे मानके व कराराची कलमे तयार करण्यात गेली. इथे तीन मजले उभे राहिलेले होते. सल्लागारांच्या करारात मॉडेल देण्याची जबाबदारी नव्हती. झालेल्या मजल्यांचे मॉडेल करायचे तर लेझर स्कॅनिंगने प्रत्यक्ष मोजणी करावी लागली असती. मॉडेलचा मोठा फायदा निर्णय लवकर घेण्यात असतो, जेव्हा बदल स्वस्त असतो. अर्ध्या वाटेवर सगळीकडे मॉडेल करणे म्हणजे झालेल्या कामाचे चित्र काढत बसणे ठरले असते.

तिसरी वाट मधली. माहितीचा एकच साठा, आरएफआय ऑनलाइन, रोजचा अहवाल फोनवरून, आणि मॉडेल फक्त जिथे गर्दी आहे तिथे: शस्त्रक्रिया विभागाचा मजला, यंत्रांचा मजला आणि तळघरातले पाइपांचे मार्ग.

प्रकल्प व्यवस्थापकाने तिसरी निवडली. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय होता. त्यामागचे कारण तिने बैठकीत एका वाक्यात सांगितले: चूक मॉडेल नसल्यामुळे झाली नाही, चालू ड्रॉइंग कोणते हे ठरवणारी एक जागा नसल्यामुळे झाली.

केलेली कृती

पायाभूत रचना आयएसओ १९६५० या मानकावरून घेतली. २०१८ च्या अखेरीस त्याचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले. हे मानक वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते, की त्यात कुठल्याही एका सॉफ्टवेअरची बाजू घेतलेली नाही. कुणाला कोणती माहिती, कधी, कोणत्या कामासाठी हवी हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. त्यातल्या सामाईक साठ्यात प्रत्येक दस्तऐवजाची चारपैकी एक अवस्था असते: काम चालू, इतरांसाठी खुला, प्रकाशित आणि संग्रहित. साइटवर फक्त प्रकाशित अवस्थेतले ड्रॉइंग वापरायचे, हा नियम झाला. नवी रिव्हिजन प्रकाशित झाली की जुनी आपोआप संग्रहात जाई.

कागद पूर्ण बंद केला नाही. याबद्दल सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी नाराजी दाखवली, पण साइटची गरज वेगळी होती. सळई बांधताना अख्ख्या स्लॅबचे ड्रॉइंग एका नजरेत लागते, हातमोजे घालून उन्हात फोनचा पडदा पुढे-मागे सरकवत ते वाचता येत नाही. म्हणून मोठी प्रत राहिली, पण प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आला. फोनने तो स्कॅन केला की ही प्रत चालू आहे की रद्द, एवढेच दिसे. सळई तपासणीच्या चेकलिस्टमधली पहिली ओळ तीच झाली, आणि ती भरल्याशिवाय काँक्रीट मागवता येत नसे.

तळघरात नेटवर्क नव्हते. सकाळी केबिनमध्येच त्या दिवसाची ड्रॉइंग उतरवून घ्यायची सवय लावावी लागली. सुरुवातीला शटरिंगच्या ज्येष्ठ मुकादमाने विचारले, "साहेब, फोनमधलं आणि कागदावरचं जुळलं नाही तर मी कोणाचं ऐकू?" हा प्रश्न प्रशिक्षणाच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हता. उत्तर तिथल्या तिथे ठरले आणि केबिनच्या दारावर लागले: जुळले नाही तर काम थांबवा आणि साइट इंजिनिअरला बोलवा, थांबल्याचा दोष टोळीवर येणार नाही. शेवटचा भाग कंत्राटदाराकडून लेखी घेतला, कारण टोळीची मजुरी कामाच्या मापावर होती. थांबण्याचा भुर्दंड तिच्याच खिशाला बसणार असेल तर कुणीही थांबत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे काय करायचे यावर बराच खल झाला. निम्मे निर्णय तिथे होत होते: फोटो टाकायचा, खाली कुणीतरी अंगठा दाखवायचा, काम पुढे. त्यावर बंदी घातली असती तर माणसे दुसरा ग्रुप काढून मोकळी झाली असती. म्हणून ग्रुप राहू दिला. गाडी आली, पंप बिघडला, पाऊस आला, हे सगळे तिथे. पण ड्रॉइंग आणि कामात बदल करणारी सूचना तिथे नाही. अशी सूचना दिसली की माहिती समन्वयकाने तिचा आरएफआय करायचा आणि त्याचा क्रमांक ग्रुपवर टाकायचा. माहिती समन्वयक हे पूर्णवेळ पद नवे होते, मूळ अंदाजपत्रकात नव्हते, आणि त्या खर्चासाठी मालक संस्थेला राजी करायला वेळ लागला. त्या पदाशिवाय बाकीचे टिकले असते असे मला वाटत नाही.

प्रगती मोजण्याची रीतही बदलली. पूर्वी इंजिनिअर टक्के सांगत. एखादे काम ९० टक्क्यांवर पोचले की आठवडेच्या आठवडे तिथेच रेंगाळे, कारण उरलेल्या दहा टक्क्यांतच सगळी तपासणी आणि अडचणी असत. त्याऐवजी प्रत्येक कामाचे टप्पे पाडले: शटरिंग तपासले, सळई तपासली, स्लीव्ह तपासल्या, काँक्रीट भरले. टप्पा झाला किंवा नाही झाला, मधला आकडा नाही.

मध्यावरचा पेच

व्यवस्था रुळते आहे असे वाटत असताना आकडे बिघडले. डॅशबोर्डवर उघड्या आरएफआयची संख्या वाढतच गेली. मालक संस्थेला डॅशबोर्ड थेट दिसत होता. पूर्वी मासिक अहवालात जे दोन ओळींत येत असे ते आता रोज लाल रंगात समोर होते. सेवा सल्लागार नाराज झाला, कारण लाल ओळींपुढे त्याच्याच कार्यालयाचे नाव होते.

मग दोन्ही टोकांनी पळवाट काढली. सल्लागाराकडून "ड्रॉइंग पाहा" असे उत्तर देऊन प्रश्न बंद होऊ लागले, आणि प्रश्न तर ड्रॉइंगमधल्या विसंगतीबद्दलच होता. इकडे साइट इंजिनिअर लेखी प्रश्न टाळून थेट फोन करू लागले, कारण आपल्यामुळे लाल ओळी वाढतात असे त्यांना वाटू लागले. काही आठवड्यांत आकडे सुधारले आणि परिस्थिती मात्र तिसऱ्या स्लॅबच्या आधीच्या जागी परत निघाली. हे माहिती समन्वयकाच्या लक्षात आले. बंद झालेल्या प्रश्नांच्या जागी पुन्हा तेच प्रश्न उघडत होते.

इथे निर्णयाचा खरा क्षण होता. एक सूचना अशी आली की मालक संस्थेचा थेट प्रवेश काढून घ्यावा आणि आठवड्याला निवडक सारांश द्यावा. त्याने शांतता झाली असती, पण माहिती झाकण्याची सवयही परत आली असती. दुसरी सूचना होती उशिरा उत्तर देणाऱ्या सल्लागाराची फी कापण्याची. करारात तसे कलम नव्हते, आणि असते तरी "ड्रॉइंग पाहा" या उत्तरांचा पूर आला असता.

प्रकल्प व्यवस्थापक सल्लागाराच्या कार्यालयात जाऊन बसली आणि प्रश्न तिथे पोचल्यावर काय होते ते पाहिले. उत्तर साधे निघाले. तिथे उत्तरावर सही करण्याचा अधिकार एकाच ज्येष्ठ अभियंत्याला होता. पाइपाचा टेकू चार बोटे सरकवू का, इथपासून शस्त्रक्रिया कक्षातल्या हवेच्या दाबापर्यंत सगळे त्याच्याच रांगेत. तो आळशी नव्हता, उलट उशिरापर्यंत बसत होता. प्रश्न ऑनलाइन गेल्यामुळे त्याच्यापर्यंत लवकर पोचत होते एवढेच, त्याच्या पुढे सरकत नव्हते.

तडजोड अशी ठरली. प्रश्नांचे तीन गट केले. ठरलेल्या मर्यादेतले बदल साइट इंजिनिअर आणि कंत्राटदाराचा समन्वय अभियंता मिळून ठरवतील आणि नोंद करतील. ज्यात रचना, खर्च किंवा वैद्यकीय वापर यांना धक्का नाही, ते सल्लागाराचा कनिष्ठ अभियंता ठरवील. उरलेले ज्येष्ठाकडे. मर्यादा कोणत्या हे ज्येष्ठाने स्वतः लिहून दिले, त्यामुळे अधिकार हिरावल्याची भावना राहिली नाही. प्रश्न बंद करण्याचा हक्क उत्तर देणाऱ्याकडून काढून विचारणाऱ्याकडे दिला. आणि प्राधान्य प्रश्नाच्या वयावर नाही, तर ते काम साइटवर कधी सुरू होणार त्या तारखेवर लागू लागले. महिनाभर जुना पण सातव्या मजल्याचा प्रश्न थांबू शकतो, परवाच्या स्लॅबचा थांबू शकत नाही.

याच सुमारास पुढच्या सहा आठवड्यांचे नियोजन आणि साप्ताहिक वचनांची बैठक सुरू झाली. ही कल्पना ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांच्या लास्ट प्लॅनर पद्धतीतली. त्यांच्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासात आढळले होते की आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात पुरी होतात. इथेही सुरुवातीला चित्र फार वेगळे नव्हते. पुऱ्या झालेल्या वचनांचे प्रमाण कुणाच्या बिलाशी जोडायचे नाही, असे आधीच जाहीर केले. ते जोडले की उपकंत्राटदार सोपीच कामे कबूल करतात. प्रत्येक अपुऱ्या कामापुढे फक्त कारण लिहायचे. त्या कारणांच्या यादीत "उत्तर आले नाही" हे वरच्या क्रमांकावरून हळूहळू खाली सरकले, आणि "आधीचे काम संपले नाही" वर आले. ते साइटच्या हातातले कारण होते.

निष्पत्ती

तिसऱ्या मजल्यानंतर रद्द ड्रॉइंगवर एकही स्लॅब भरला गेला नाही. दोन वेळा क्यूआर तपासणीत जुनी प्रत पकडली गेली, दोन्ही वेळा सळई तपासणीच्या टप्प्यावर. शस्त्रक्रिया विभागाच्या मजल्यावर मॉडेलमुळे डक्ट आणि सांडपाण्याच्या पाइपांची टक्कर काम सुरू होण्यापूर्वी दिसली. तिथे छताची उंची कमी करावी लागली असती, त्याऐवजी डक्टचा मार्ग बदलला. ज्या मजल्यांचे मॉडेल केले नाही तिथे किरकोळ टकरी झाल्या आणि त्या जागेवर सोडवल्या गेल्या. त्या मजल्यांचे मॉडेल करण्याइतके त्यांचे मोल नव्हते.

मूळ तारखेला इमारत पुरी झाली नाही. आधीचा उशीर काही प्रमाणात भरून निघाला, पण लिफ्ट आणि वैद्यकीय उपकरणांच्या पुरवठ्यात पुन्हा वाढला. त्यामुळे डिजिटल बदलाने किती दिवस वाचवले असा एक आकडा काढण्याचा मोह टाळलेला बरा. उत्तरे लवकर येऊ लागली ती अधिकार वाटल्यावर, हे मात्र नोंदींच्या तारखांवरून स्पष्ट दिसते. सॉफ्टवेअर त्याआधीपासून चालू होते.

एक वाद शेवटपर्यंत राहिला. मॉडेलमधून निघालेली पाइपांची लांबी आणि बिलासाठी प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक येई. मॉडेलमध्ये जोड आणि कापाकापीतली नासधूस धरलेली नव्हती. करारानुसार मोजणी प्रत्यक्ष कामाची होती, म्हणून मॉडेल फक्त माहितीसाठी असे ठरवून विषय बाजूला ठेवला. मालक संस्थेने कामगारांची हजेरी फोनच्या ठिकाणावरून घ्यावी असेही सुचवले होते. प्रकल्प व्यवस्थापकाने नकार दिला. ज्या फोनवरून माणूस अडचण कळवतो त्याच फोनने त्याच्यावर पाळत ठेवली तर अडचणी कळवणे थांबेल, हे तिचे म्हणणे मला पटते.

वेगळे काय करता आले असते

अधिकारांची वाटणी पहिल्या दिवशी करता आली असती. प्रश्न कोण सोडवतो, किती मर्यादेत, त्याच्या गैरहजेरीत कोण, हा तक्ता सॉफ्टवेअर घेण्याच्या आधी बनायला हवा होता. तो बनवायला कागद पुरतो.

प्रशिक्षणाचा क्रम उलटा हवा होता. आधी व्यवस्थापक, मग इंजिनिअर, शेवटी मुकादम असे झाले. पण चालू आणि रद्द ड्रॉइंगचा फरक ज्याच्या हातून काँक्रीटमध्ये जातो तो सळई बांधणारा आणि शटरिंग लावणारा आहे. मुकादमाचा तो प्रश्न पहिल्या आठवड्यात आला असता तर नियमही तेव्हाच झाला असता.

आणि हस्तांतरण. इमारत चालवणाऱ्या देखभाल विभागाला कोणती माहिती हवी हे कुणी विचारलेच नव्हते. शेवटच्या महिन्यांत त्यांची यादी आली: प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक आणि जागा, फिल्टरचा आकार आणि बदलण्याचा काळ, पंपाची हमी कधी संपते, वैद्यकीय वायूची लाइन कोणत्या विभागासाठी कुठे बंद करायची. तोवर अनेक उपकंत्राटदार साइट सोडून गेले होते. त्यांची माहिती साठ्यात होती, पण पीडीएफच्या पानांत. ती माहिती समन्वयकाने आणि दोन देखभाल कर्मचाऱ्यांनी छताचे पॅनल उघडून, शिडीवर चढून, एकेक नोंद हाताने भरली. मालक संस्थेने पुढच्या इमारतीच्या निविदेला ती यादी परिशिष्ट म्हणून जोडली, आणि बिलाचा शेवटचा हप्ता तिच्यातल्या नोंदी तपासून झाल्यावरच मिळेल असे कलम घातले.